नव्वद अंश

येरेव्हानच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ मारून दाखवली:
इथवर वाकायचं. याच्या खाली नाही.
नवा खुबा धातूचा आहे, तो ऐकेल,
भोवतीचं मांस मात्र अजून जुन्या वळणाचं.
आईनं कागदाची घडी केली,
घरी येऊन मिठाच्या बरणीखाली ठेवली
आणि विचारलं, मग लवाश कोण लावणार?

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. सेवान तळ्यावरून
असा वारा येतो की दोरीवरच्या विजारी उभ्या राहतात.
गल्लीतल्या पाच घरांची हिवाळ्याची रोटी
याच आठवड्यात होते, आमच्या तोनिरात.
तोनिर म्हणजे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेली मातीची भट्टी;
तिच्या पोटात अर्धं शिरल्याशिवाय
रोटी भिंतीला धरत नाही.
सत्तेचाळीस वर्षं आई शिरली.
खुबा तिथं झिजला, असं वडील म्हणतात.
तुमची पोरं कडेवर घेऊन झिजला, असं आई.

वडिलांनी, मकर्तिचनी,
मेंढ्यांचे खूर सोडून कुणाच्या पायांना
हात लावल्याचं मला आठवत नाही.
आता रोज सकाळी ते पलंगापुढे गुडघे टेकतात,
लोकरी मोजा दोन्ही अंगठ्यांवर गोळा करतात
आणि तिच्या बोटांवरून हळूहळू वर चढवतात.
‘टाच उलटी आलीय,’ आई म्हणते.
ते काढतात. पुन्हा घालतात.
मी दारातूनच मागे फिरते.
या घरात इतकं खासगी
मी आजवर काही पाहिलं नव्हतं.

शेजारची शोघिक खाश घेऊन आली,
गाईच्या पायांचं, रात्रभर उकळलेलं, लसणाचं;
हाडं सांधायला.
‘अगं, हाड काढून टाकलंय, तिथं लोखंड आहे.’
‘असू दे. लोखंडालाही सोबत लागते.’
तिनंच तिच्या नवऱ्याची उंच खुर्चीही दिली.
तीन वर्षं त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं.

त्या खुर्चीवर आई. भट्टीपासून चार पावलांवर, दाराशी.
वार्सेनिक मावशी पहाटेपासून कणकेशी झुंजतेय,
वहिनी लाटतेय, हवेत फिरवून पातळ करतेय,
आणि गवताच्या उशीवर ती ताणून
भट्टीत वाकणारी मी,
शहरात पंधरा वर्षं हिशेब लिहिणारी.

पहिली रोटी निखाऱ्यात पडली.
दुसरी अर्धी.
तिसरीला आईचे हात आपोआप उचलले गेले,
मग खांदे, मग ती अख्खी पुढे,
आणि आम्ही तिघी एकदम ओरडलो: नव्वद!
भावाचा आरेग कंपासपेटीतला कोनमापक घेऊन धावला,
आजीच्या कुशीला लावून म्हणाला,
‘ब्याऐंशी. अजून आठ शिल्लक आहेत.’
हसता हसता वार्सेनिक मावशीला उचकी लागली.
आई हसली नाही. तिनं पाठ टेकली, डोळे मिटले.

‘थप्प ऐकू यायला हवं,’ ती म्हणाली. ‘तुझं फट्‌ येतंय.’

फट्‌.
फट्‌.
‘घाबरतेस. भिंत भाजत नाही, थांबणं भाजतं.’
फट्‌.
कितव्या तरी रोटीला
माझ्या हातावरची लव जळून गेलेली,
डोळ्यांत धूर, कंबर माझी राहिलेली नाही,
तेव्हा थप्प.
मी वळून पाहिलं. तिचे डोळे मिटलेलेच.
फक्त मांडीवरच्या तिच्या बोटांनी
एकदा, हलकेच, मान डोलावल्यासारखं केलं.

रात्री गंजी रचायची होती. दोनशे दहा रोट्या;
वाळतील, वर्षअखेरपर्यंत पुरतील,
पाणी शिंपडलं की पुन्हा मऊ होतील.
माझ्या सुरुवातीच्या, फाटक्या, एका कडेनं करपलेल्या,
मी गुपचूप तळाशी सारत होते.
आईनं काठीनं माझं मनगट अडवलं.
‘त्या वर ठेव,’ म्हणाली,
‘वरच्या आधी संपतात.
पाहुणे यायच्या आत
आपणच खाऊन टाकू.’

मग वडिलांना हाक मारली, मोजे काढायला.